शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दळलेली डाळ

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जुन्या आठवणी निघतात. दर वर्षी कोणीतरी त्या निवडणुकीचा आणि त्या थालीपिठांचा विषय काढतं आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसायचो, आणि हसता हसता दुधाचा पेला हातात घेऊन पाण्याची टाकी बघायला उठायचो. टाकीचं काम माझ्याकडेच असल्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आता माझ्या गुडघ्यांमुळे कोजागिरी खाली आवारात होते. तिथे उठून जायला टाकी नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. निवृत्त झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत मी घरातला मिक्सर, पंखा, इस्त्री आणि भिंतीवरचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता चालू असलेल्या वस्तूंना हात लावू नका. बंद पडलेलं काही हवं असेल तर बाहेर शोधा."

ते मला गल्लीच्या तोंडाशीच सापडलं. तिथे पिठाची गिरणी होती आणि तिचा पट्टा सारखा निसटायचा. गिरणी चालवणाऱ्या बाई मूळच्या जांभूळ गावच्या, आगरी घरातल्या. त्यांचे यजमान एमआयडीसीत शिफ्टला जायचे. बाई वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून माझ्याही त्या वहिनीच. त्या मला साहेब म्हणायच्या. ते आदराने की टोमण्याने, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी पट्टा नीट बसवला, मोटारीचा आवाज ऐकला आणि म्हणालो, "वहिनी, ही मोटार दिवसभर थांबवता आणि चालू करता. अशाने ती वीज जास्त खाते."

"मग काय करू, साहेब? एक जन गहू आनतो. त्याच्यामागे दुसरी ज्वारी आनते. तिसऱ्याची डाल. दर वेली थांबवा, झाडा, परत चालू करा. बिल येतो तो कोनाचा? माझा. आनि माझा म्हंजे कोनाचा? तुमचाच. मी काय घरनं आनून भरते?"

हे त्या इतक्या सहज बोलल्या की मी हसलो. पण घरी जाऊन पंख्याखाली पडलो तेव्हा लक्षात आलं, मी कारखान्यात आयुष्यभर हेच सांगत आलो होतो आणि माझं कोणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात एक फळा लागला. गव्हाचा वार, ज्वारी-बाजरीचा वार, डाळीचा वार, भाजणीचा वार. ज्या वारी जे धान्य, तेच आणायचं. त्या बदल्यात दळणाचा दर खाली येईल, असं वहिनींनी खडूने लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. सोमवारी गहू घेऊन आलेल्या बँकेतल्या एका गृहस्थांना त्यांनी परत पाठवलं. "साहेब, तुमची बँक रविवारी उघडते का? नाय ना? मग माझा गहू पन मंगलवारलाच." तिसऱ्या आठवड्यात दर खरोखर उतरला. मग बायका एकमेकींना वार आठवण करून द्यायला लागल्या. गिरणीसमोर मंगळवारी जी रांग लागायची तिच्यात भाजी निवडली जायची, लग्नं जमायची, सुनांच्या तक्रारी आणि सासवांची नक्कल चालायची. मी त्या रांगेजवळ स्टूल टाकून बसायचो. आयुष्यात इतकी करमणूक मला कधी झाली नव्हती.

ही रांग बघूनच विरोधी पक्षाची मंडळी वहिनींकडे आली. आमच्या वॉर्डात त्यांना उमेदवार मिळत नव्हता. नगरपालिकेची निवडणूक शिवरात्रीनंतर होणार होती. वहिनींनी हातातलं पीठ पदराला पुसलं आणि विचारलं, "मला भाषन येत नाय. चालंल?"

"ताई, तुम्ही दिवसभर जे बोलता तेच बोला."

आणि त्या तेच बोलल्या. मी बरीच भाषणं ऐकली आहेत, पण खर्चावर इतकं सरळ बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. कोपऱ्यावर चार खुर्च्या मांडायच्या, गिरणीतलं एक रिकामं पिंप उलटं ठेवायचं आणि त्यावर हात टेकून त्या सुरू करायच्या.

"धंदेवाला आनि घरवाला अशी दोन मान्सं नाहीत. जात्याची दोन तली हायेत. वरचा जड झाला का खालच्यान काय दलतंय ते बघा. इस्त्रीवाल्याचा बिल वाढला का तुमच्या शर्टाचा भाव वाढतो. शिलाईवालीच्या दुकानापुढं खड्डा खनला, गिऱ्हाईक आला नाय, तर ती परकराला जास्त लावते. तिचा पन पोट हाय. मी कोनाला फुकट काय द्या बोलत नाय. फुकटचा जो खर्च होतो तो बंद करा बोलते. पान्याच्या नलासाठी रस्ता खनला, बुजवला. गटारासाठी परत खनला. केबलसाठी परत. आरं, माझ्या गिरनीला वार हाय, तुमच्या फावड्याला का नको?"

इथे हमखास हशा पिकायचा. मग त्या पाण्याकडे वळायच्या.

"कारखान्यांचं पानी माझ्या माहेरनं येतं. जांभूलची पोर अंबरनाथान नांदायला आली आनि टँकरच्या मागं हंडा घेऊन धावते. टँकरचा पैसा हॉटेलवाला चहात घालतो, तुमी पिता."

दुकानाचं लायसन दर वर्षी वेगवेगळ्या टेबलांवर फिरवण्यापेक्षा एका खिडकीत मिळावं, घरात पापड-मसाले करणाऱ्या बाईला मोठ्या दुकानाच्या दराने वीज लावू नये, टँकर सोसायट्यांनी मिळून घ्यावेत म्हणजे भाव पडतो, अशा त्यांच्या मागण्या होत्या. यातलं थोडं मी सुचवलं होतं, पण सांगण्याची ढब त्यांची. विरोधात राहून आश्वासनं देणं सोपं असतं, असं सत्तेतले उमेदवार म्हणायचे. त्यावर वहिनींकडे उत्तर होतं. त्या गिरणीकडे बोट दाखवायच्या. "आधी करून दाखवलंय, मग बोलते."

त्या प्रचाराला जायच्या तेव्हा दुपारची गिरणी माझ्याकडे असायची. बायकोने मला एका जुन्या पांढऱ्या सदऱ्याचा गाऊनसारखा अंगरखा शिवून दिला होता. भुवयांवर पीठ बसलेलं असायचं. कारखान्यात माझ्या हाताखाली माणसं होती, पण इतक्या ऐटीत मी तिथेही कधी उभा राहिलो नव्हतो.

शिवरात्रीला आमच्या अंबरनाथात कोणी उपास करत नाही असं घर सापडणं कठीण. वहिनींनी ठरवलं की तीन इमारतींनी मिळून उपासाची भाजणी करायची. साबुदाणा, वरी, राजगिरा एकत्र आणायचा, एकत्र भाजायचा, एकत्र दळायचा आणि वाटून घ्यायचा. उल्हासनगर कॅम्प पाचमधले एक सिंधी घाऊक दुकानदार माझ्या ओळखीचे होते. वहिनी आणि मी रिक्षाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी पापड आणि पाणी पुढे ठेवलं. त्यांच्यात दारात आलेल्याला ते द्यायचंच.

"साईं, इतक्या भावात मी घरी घेऊन जातो," दुकानदार म्हणाले.

"मग आमी पन तुमच्या घरचेच," वहिनी म्हणाल्या आणि पापडाचा तुकडा मोडला. "सोयरे समजा."

त्यांनी भाव उतरवला. वर एक मोठी पिशवी राजगिऱ्याचे लाडू दिले. परतताना रिक्षात वहिनी लाडू खात म्हणाल्या, "बघितलंत? एक एक गेलो असतो तर तोंडाला पाने पुसली असती."

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी गिरणी धुऊनपुसून लख्ख केलेली होती. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'उपासाचा वार' लिहिलं होतं. सकाळी बायका गच्चीवर कढया लावून भाजत होत्या, खमंग वास गल्लीभर होता. वहिनी मतदारांकडे गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "साहेब, आज दुसरा दाना आत जाता कामा नये."

"वहिनी, मी कारखाना चालवलाय."

"कारखान्यान उपास नव्हता."

दुपारी बायका भाजलेलं धान्य घेऊन यायच्या आधी ते दुकानदार आले. हातात पिशवी. हरभऱ्याची डाळ.

"साईं, एवढी दळून द्या. मुलीच्या सासरचे लोक येतात इंदौरहून. कढी करायची आहे. पॅकेटचं बेसन माझी आई हातात पण नाही घेत."

"आज उपासाचा वार आहे."

"साईं, माझी कढी काय तुमच्या घरी उपास मोडायला येते?" ते हसले. "आणि मी तुम्हाला भाव दिला ना? सोयरे बोलले ना तुमच्या वहिनी?"

मला नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंच नव्हतं. गिरणी माझ्या हातात होती, आणि हातात काही असलं की ते कोणासाठी तरी वाकवावं असं माणसाला वाटतं. मी डाळ दळली आणि ते बेसन घेऊन गेले. डाळीनंतर काय करायचं ते मला माहीत होतं. पीठ पडतं त्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी सोडून झटकायची, जातं झाडायचं, वरीची मूठ दळून ती टाकून द्यायची. मी पिशवी सोडायला वाकलो तेवढ्यात बायका टोपल्या घेऊन हसत-गात आल्या. त्यांनी मला घेरलं, कोणी माझ्या भुवया पुसल्या, कोणी म्हणालं, "काका, तुम्ही आता बर्फाचे झालात." मी पिशवी तशीच ठेवून उठलो, मोटार चालू केली आणि तिन्ही इमारतींची भाजणी त्या जात्यात ओतली.

शिवरात्रीला सकाळी शिवमंदिराकडे जाणारा रस्ता माणसांनी भरला होता. महिला मंडळाने गल्लीच्या तोंडाशी तवे मांडले होते. येणाऱ्याजाणाऱ्या भाविकांनाही थालीपीठ द्यायचं ठरलं होतं. तशी थालीपिठं मी त्याआधी खाल्ली नव्हती. माणसं परत परत ताटली पुढे करत होती.

"अहो, नेहमीपेक्षा खमंग कसं लागतंय हे?" बायकोने मला विचारलं.

पहिला घास तोंडात गेला तेव्हाच मला कळलं होतं. मी म्हणालो, "सगळ्यांनी मिळून भाजलं ना."

तळमजल्यावरच्या आजींनी मात्र कोरडं पीठ चिमटीत घेऊन जिभेवर ठेवलं. थोडा वेळ डोळे मिटले. "बेसन आहे गं यात."

"आजी, दोन खाऊन झाल्यावर सांगताय?" माझ्या शेजाऱ्यांच्या सुनेने विचारलं.

"दुसरं खात्री करायला खाल्लं," आजी म्हणाल्या.

त्या क्षणी सगळे हसले. खरंच हसले. कोणी म्हणालं महादेव समजून घेईल, कोणी म्हणालं पुढच्या वर्षीही असंच करा. ते हसणं तसंच राहिलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण निवडणूक तोंडावर होती. संध्याकाळी वेगळीच बातमी गल्लीत फिरली. खर्च कमी करायच्या नादात बाईंनी राजगिऱ्यात स्वस्त बेसन मिसळलं. भेसळ केली. आणि ही नगरपालिकेचा खर्च कमी करणार.

मी गिरणीवर गेलो तेव्हा वहिनी कापडी पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती नाकाशी नेली.

"साहेब, काल डाल कोनी दलली?"

"आं?" मी म्हणालो. मला नीट ऐकू येत होतं.

त्यांनी पिशवी भिंतीवर आपटून झटकली आणि म्हणाल्या, "परवा चौकात सभा हाय. तुमाला माईक देईन. काय बोलायचं ते तुमचं तुमी ठरवा."

ओरडल्या नाहीत, पुन्हा विचारलं नाही. मला वाट मोकळी करून दिली.

चौकातली सभा मोठी झाली. समोरच्या बाजूचे कार्यकर्तेही ऐकायला उभे होते. मी माईक हातात घेतला. वीज, टँकर, रस्ते, लायसन, सगळं बोललो. मोटार थांबवून चालू केली की काय होतं ते हाताने दाखवलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता सांगावं. तोंडात शब्दही आला होता. तेवढ्यात गर्दीतून एकाने विचारलं, "काका, आदल्या दिवशी गिरणीवर तुम्हीच होतात ना?"

सोसायटीतले सगळे समोर होते. आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. ज्यांच्या पाण्याच्या टाक्या मी बघतो, ज्यांची मुलं मला काका म्हणतात, ते सगळे.

"मी दुपारी जेवायला घरी गेलो होतो," मी म्हणालो.

गर्दीत माझी बायकोही होती. त्या दुपारी मी जेवायला आलो नव्हतो म्हणून तिने गिरणीवर डबा पाठवला होता. तिने मान खाली घातली.

वहिनींनी माझ्या हातून माईक घेतला. त्यांचा चेहरा अगदी रोजच्यासारखा होता. "गिरनी माझी, तर चूक पन माझी. तुमचा उपास मोडला त्याची माफी मागते. पन बेसन मिसलून मी काय वाचवलं नाय. वाचवलं ते मिलून आनलं म्हनून. तो हिशोब खरा हाय, आजबी खरा हाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "स्वस्त म्हणजे भेसळ!" आणि बाकीच्यांनी ते उचलून धरलं.

वहिनी थोड्या मतांनी पडल्या. पुढच्या वेळी पक्षाने त्यांना विचारलं नाही. निकालानंतरच्या आठवड्यात लोक पुन्हा सोमवारी गहू आणि मंगळवारी डाळ आणायला लागले. एकमेकांच्या दाण्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. फळा पावसात पुसला गेला, कोणी परत लिहिला नाही. दळणाचा दर होता तिथे गेला, मग त्याच्याही वर. आमच्या सोसायटीने शेजारच्या सोसायट्यांशी मिळून टँकर घ्यायची बोलणी चालली होती, तीही थांबली. मला सगळ्यात जास्त हेच लागलं. त्या हरल्या ते हरल्या, पण त्या जे सांगत होत्या ते खोटं ठरलं, आणि ते खोटं नव्हतं हे सगळ्यांना पटवून देऊ शकणारा गल्लीतला एकटा माणूस मी होतो.

वहिनी मात्र उदास झाल्या नाहीत. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी गिरणी उघडली आणि ओट्यावर उभं राहून म्हणाल्या, "चला, आता भाषन नाय, नुसता पीठ." मी येईनासा झालो तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, पट्टा परत सुटतोय. मी गेलो. पट्टा सुटला नव्हता. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला होता.

यजमान निवृत्त झाल्यावर त्या जांभूळला माहेरच्या जागेत बांधलेल्या घरात राहायला गेल्या. गिरणीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी बदलापूरच्या रस्त्याने रिक्षा करून त्यांच्याकडे जायचो. त्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायच्या, गावातल्या कोणाकोणाच्या नकला करायच्या. तिथेही त्यांनी काहीतरी सुरू केलं होतं. गावातल्या बायका मिळून मसाल्याच्या मिरच्या घाऊक आणत, एकत्र भाजत आणि एकाच दिवशी कांडून घेत. "वार ठरवलाय," त्या डोळे मिचकावून सांगायच्या. "हितं कोन साहेब नाय, म्हनून बरा चाललाय." मी हसायचो आणि भाकरीचा तुकडा मोडत राहायचो.

एकदा मी ठरवूनच गेलो होतो. बायकोने निघताना सांगितलं होतं, "आज बोलून या. नाहीतर मी जाऊन बोलते." वहिनी ओसरीत पाय सोडून बसल्या होत्या, तब्येत उतरली होती, पण जीभ तीच. मी म्हणालो, "वहिनी, त्या शिवरात्रीला..."

"काय थालीपीठ झालेला, साहेब," त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या. "आजीनं दुसरा खात्री करायला खाल्ला." त्यांना हसू आवरेना. मग खोकला आला, सुनेने पाणी आणलं, शेजारची बाई मिरच्यांचं विचारायला आली. मी उठलो. फाटकापर्यंत त्या मला पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "परत या. तवा बोलू."

मी परत जायच्या आत, होळीच्या आधी, त्या गेल्या. मी बाराव्याला गेलो होतो. गावातल्या बायकांनी मिळून स्वयंपाक केला होता. पुष्कळ माणसं होती आणि कोणालाही काही कमी पडलं नाही.

फाटकाशी मला जे बोलायचं होतं ते इथे लिहितो. वहिनी, ती डाळ मी दळली आणि पिशवी मी झटकली नाही. त्या दुपारी मी जेवायला घरी गेलो नव्हतो. माईक तुम्ही माझ्या हातात दिला होता, आणि तुमचा हिशोब खरा आहे, चूक माझी आहे, एवढंच मला त्यावर सांगायचं होतं. मला माफ करा.